हरवल्याची नोंद झालेली इंजिनियर

तुमसर ठाण्यातले ते प्रकरण मला अजून दिवसवार सांगता येईल. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. शेवटी पाहता गुन्हाच नव्हता. तरीही नोकरीतल्या ज्या एका तपासाचा मला अभिमान वाटतो आणि शरमही वाटते, तो हाच.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी मूळचा सातारा भागातला. ठाणेदार म्हणून तुमसरला बदली झाली तेव्हा पहिले दोन महिने मला तिथली बोली नीट कळत नव्हती. भाताच्या गिरण्या, धान्याचा बाजार, हमाल, ट्रकवाले असे ते गाव. आमच्याकडे येणारी प्रकरणेही तशीच असत. पोत्यांची चोरी, बाजारातली मारामारी, ट्रकचा अपघात.

मे महिन्यातल्या एका सकाळी हजेरी घेत असताना एक राइस मिलचे मालक ठाण्यात आले. गावातले वजनदार गृहस्थ. आजोबांच्या काळापर्यंत घरात शेतीच होती, वडिलांनी मिल काढली आणि यांनी ती वाढवली. त्यांना मी इथे शेठ म्हणेन. ते खुर्चीवर बसलेच नाहीत.

“साहेब, माझ्या पोरीले पळवून नेलं. काल सकाळी मैत्रिणीकडे जातो म्हणून गेली, ते आलीच नाही.”

मुलगी तेवीस वर्षांची. नागपूरच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर झालेली. निकाल लागून वर्ष होत आले होते आणि तेव्हापासून ती घरीच होती. पंधरा दिवसांवर तिचा साखरपुडा होता. अपहरणाचा गुन्हा दाखल करा, असा शेठचा आग्रह होता. मुलगी सज्ञान आहे, कोणी जबरदस्ती केल्याचा पुरावा नाही, म्हणून आधी हरवल्याची नोंद करावी लागेल, असे मी त्यांना समजावले. ते नाराज झाले. मी रजिस्टरला नोंद घेतली, वर्णन बिनतारी यंत्रणेवरून सर्व जिल्ह्यांना कळवले आणि दोन पंच घेऊन मुलीची खोली पाहायला गेलो.

पंचनाम्यात मी जे लिहिले ते असे. साखरपुड्यासाठी केलेले दागिने कपाटात जागच्या जागी. नवीन साड्या तशाच. नाहीशा झालेल्या वस्तूंत प्रमाणपत्रांची फाइल, एक लहान पत्र्याची पेटी आणि एक स्वेटर. मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात माणसे अंगावरचा सदरा काढून बसतात. स्वेटर घेऊन कोणी कुठे जात असेल, एवढा विचार मी तेव्हा करायला हवा होता. मी तो शब्द लिहिला आणि पुढच्या ओळीवर गेलो.

मुलीची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने शिपायांना पन्हे दिले, मलाही दिले. डोळे कोरडे होते. ज्या घरातून मुलगी खरोखर नाहीशी होते, त्या घरातली आई एका जागी उभी राहू शकत नाही, हे मी आधी पाहिलेले होते. पण धक्क्याने ही बाई सुन्न झाली असेल, अशी मीच माझी समजूत घातली.

पहिली खबर नाकाडोंगरीकडून आली. अशा वर्णनाची मुलगी तिथे एका जीपमध्ये दिसली म्हणे. आम्ही अर्धा दिवस जंगलाच्या रस्त्याने धूळ खात गेलो. ती जवळच्या दवाखान्यातली नर्स निघाली आणि आम्हाला पाहून बिचारी घाबरून गेली.

चौथ्या दिवशी ठाण्याच्या टपालात एक बिनसहीचे कार्ड आले. ‘शेठची मुलगी शाळेतल्या सायन्सच्या मास्तरासोबत तुमसर रोडच्या फलाटावर दिसली होती’ एवढीच ओळ. मी स्वतः स्टेशनवर जाऊन हमालांना विचारले. एका म्हाताऱ्या हमालाला आठवत होते.

“मास्तरच होते जी. पेटी त्यायनंच डब्यात ठेवली. पोरगी त्यायच्या पाया पडली अन् गाडीत बसली. मास्तर मागं परतले.”

पोरगी पाया पडली आणि मास्तर मागे परतले, हे दोन्ही मी ऐकले. पण माझ्या डोक्यात मास्तर हा शब्द बसला होता.

मास्तर पन्नाशीचे, संसारी; मुलीला शाळेत शिकवलेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पवनी तालुक्यात कोंढ्याला आपल्या घरी गेले होते. आम्ही जीप घेऊन गेलो तेव्हा ते अंगणात एक जुना रेडिओ उघडून बसले होते. मला पाहून त्यांनी हातातले स्क्रू एका वाटीत ठेवले, वर ताटली झाकली आणि म्हणाले, “चला.” गावातली निम्मी माणसे जीपभोवती जमली होती. त्यांच्या देखत मी त्यांना गाडीत बसवले.

दोन दिवस ते शाळेजवळच्या आपल्या भाड्याच्या खोलीवरून सकाळी ठाण्यात येत आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहत. बाजाराचा रस्ता ठाण्यासमोरूनच जात होता. येणारा-जाणारा त्यांच्याकडे पाही आणि काय ते समजून घेई.

“मुलगी कुठे आहे?” मी विचारले.

“सुखरूप आहे.”

“कुठे आहे, असे विचारले मी.”

“ते मी सांगणार नाही साहेब. मी तिले शब्द दिला आहे.”

“तुमच्यावर काय आरोप होतोय, कळतंय का तुम्हाला?”

“कळून राहिला. तुम्ही मले अटक करू शकता. पण मी सांगणार नाही.”

खोटे बोलणारा माणूस फार बोलतो. तो वेळ सांगतो, साक्षीदार सांगतो, न विचारलेलेही सांगतो. हे गृहस्थ चार वाक्यांपुढे गेले नाहीत. अनुभवाने मला जे सांगायला हवे होते ते तो सांगत होताच. पण वरून रोज विचारणा होत होती, शेठ दिवसातून दोनदा ठाण्यात येत होते, आणि माझ्या हाती धागा असा तो एकच माणूस होता. मी त्यांना म्हणालो, “मग तुमच्या शाळेला कळवावे लागेल.”

ते म्हणाले, “कळवा.”

मी कळवले. शाळेच्या मंडळाने चौकशी पुरी होईपर्यंत त्यांना शाळेत पाऊल ठेवू नये असे लेखी दिले. माझ्या सहीच्या पत्रावरून ते झाले.

त्यानंतर तपास ठप्प झाला. साखरपुड्याची ठरलेली तारीख निघून गेली आणि मुलाकडच्यांनी निरोप पाठवून संबंध मोडला. जून अर्धा संपत आला तेव्हा वरिष्ठांची वार्षिक तपासणी जाहीर झाली. तपासणी म्हटली की ठाण्यात साठलेले सगळे कागद बाहेर निघतात. टपालाचे काम पाहणाऱ्या हवालदाराने कपाटातून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा माझ्यासमोर आणून ठेवला. बंदुकीचे परवाने, पासपोर्ट, नोकरीसाठीच्या चारित्र्य पडताळण्या. घाईचे कोणतेच नाही, म्हणून सगळे एकत्र बांधून ठेवलेले. मी एकेक फॉर्म पाहून सही करू लागलो.

बाराव्या की तेराव्या फॉर्मवर त्या मुलीचा फोटो होता.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. बंगलोरची एक मोठी कंपनी. टेलिफोन एक्स्चेंजची इलेक्ट्रॉनिक यंत्रे बनवणारी. हुद्दा प्रशिक्षणार्थी इंजिनियर. रुजू झाल्याची तारीख, वसतिगृहाचा पत्ता, आणि खाली नेहमीचा मजकूर, की सदर उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल स्थानिक ठाण्याने अभिप्राय द्यावा, तो आल्यावरच नेमणूक कायम होईल. ठाण्याच्या आवक शिक्क्यावरून हिशेब केला. जिला शोधत मी नाकाडोंगरीच्या जंगलापर्यंत जाऊन आलो होतो, तिचा पूर्ण पत्ता तेरा दिवसांपासून आमच्याच कपाटात होता.

हवालदार घाबरला. त्याला बोलायला मला तोंड नव्हते.

मी थेट शेठच्या घरी गेलो. शेठ मिलमध्ये होते, ते मला हवेच होते. आईच्या समोर मी फॉर्म ठेवला. तिला वाचता येत नव्हते, पण फोटो तिने ओळखला. ती खाली बसली आणि पहिल्यांदा रडली.

“तुम्हाला ठाऊक होते ना?” मी विचारले.

“हाव जी. स्वेटर मीच देल्ला. तिकडं थंडी राहते म्हणे.” पदराने डोळे पुसत ती सांगू लागली. “कंपनीचं कागद आलं होतं माघ महिन्यात. तिच्या बाबूजीनं फाडून टाकलं. म्हणे, इतक्या लांब पोरगी कायले धाडाची? तीन दिवस जेवली नाही थे. मंग मास्तरनं कंपनीले तार केली, अन् दुसरं कागद त्यायच्या पत्त्यावर आलं.”

“मग मास्तरांना ठाण्यात बसवले तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

तिने फॉर्मवरचा फोटो जवळ ओढला. “पोरगी म्हणे, सहा महिने कोणाले सांगू नको माय. नोकरी पक्की झाली का मीच पत्र लिहितो. बाबूजी त्याच्या आदी आले तं मले घेऊनच जातील. मी एका बाजूनं पोरीले पाहो, दुसऱ्या बाजूनं मास्तरले. मले काही सुधरेच नाही.”

फाडलेल्या कागदाबद्दल शेठने मला अवाक्षर सांगितले नव्हते. फिर्यादी काय सांगतो ते आपण शब्दशः लिहून घेतो. काय गाळतो ते विचारायला मी त्या प्रकरणापासून शिकलो.

दुपारी शेठ ठाण्यात आले. फॉर्म पाहून त्यांचा चेहरा आधी सैल झाला. मुलगी जिवंत आहे, बरी आहे, हे एकदा कळल्यावर बापाचा जो चेहरा होतो तो. मग तो पुन्हा आवळला. त्यांनी दार लोटून घेतले.

“साहेब, याच्यावर तुमाले शेरा लिहा लागते न?”

“हो.”

“तं लिहा न. घरून न सांगता निघून गेली, ठाण्यात तक्रार आहे, असं लिहा. खोटं कुठं आहे? कंपनीवाले ठेवणार नाही तिले. तुमच्या दोन ओळीनं माझी पोरगी घरी येते साहेब.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. तक्रार होतीच, माझ्याच रजिस्टरला. मी ती नोंद तशीच्या तशी उतरवली असती तर कायद्याने मला कोणी दोष दिला नसता. आणि समोर रडकुंडीला आलेला बाप उभा होता. तो वाईट माणूस नव्हता. मुलीचे नागपूरचे शिक्षण सोडले तर आजवर त्याच्या घरातली बाई एकटी तुमसरच्या बाजारापलीकडे गेलेली नव्हती आणि त्याला खरोखर भीती वाटत होती.

मी म्हणालो, “शेरा मी लिहीन. पण मुलीचा जबाब घेतल्याशिवाय मला लिहिता येत नाही. मी बंगलोरला जातोय. तुम्ही सोबत चला. ती कुठे राहते, काय करते, ते स्वतः पाहा. मग बोलू.”

परवानगी मिळवली. निघण्याच्या दिवशी स्टेशनवर पाहतो तर शेठच्या मागे त्यांची पत्नी, हातात लोणच्याची बरणी फडक्यात बांधलेली. “मी बी येतो,” एवढेच तिने सांगितले होते म्हणे, आणि शेठला नाही म्हणता आले नव्हते.

तो प्रवास लांबचा होता. बंगलोरला उतरल्यावर स्थानिक ठाण्यात हजर होऊन मी नोंद केली आणि आम्ही कंपनीत गेलो. फाटकावर वही, पास, छातीला लावायचे बिल्ले. मी गणवेशात होतो म्हणून पहारेकरी उगाच धावपळ करू लागला. आम्हाला एका खोलीत बसवले.

मुलगी आली. साधी सुती साडी, त्यावर पांढरा कोट, खिशात पेचकस. आईला पाहून ती हसली, वडिलांना पाहून थांबली आणि मला पाहून तिचा चेहरा उतरला. तिने आईवडिलांना नमस्कार केला. शेठ म्हणाले, “बारीक झाली तू.”

तिचे वरिष्ठ मद्रासकडचे होते. हिंदी मोडकी-तोडकी. पण माणूस जाणता असावा. ते म्हणाले, इतक्या लांबून आलात तर मुलीचे काम पाहून जा. यंत्रांच्या दालनाबाहेर पादत्राणे काढावी लागत, आत धूळ जाऊ नये म्हणून. शेठने चपला काढल्या. मी पोलिसी बूट काढले आणि एका मोज्याला भोक होते ते तिथे सगळ्यांना दिसले.

आत गारवा होता. माणसाहून उंच कपाटे रांगेने उभी होती, त्यांत तारांची जाळी आणि लुकलुकणारे लाल दिवे. तुमसरहून नागपूरला ट्रंक कॉल लावायचा तर निम्मा दिवस ज्यात जाई, तो कॉल इथे माणसाच्या हाताशिवाय जोडला जाणार होता. मुलगी सांगत होती आणि आम्हा तिघांनाही काही कळत नव्हते. ते तिच्या लक्षात आले. ती वडिलांकडे वळली.

“बाबूजी, मिलमधी पट्टा सरकला का तुमाले पाहा लागते का?”

“नाही. आवाजावरूनच समजते.”

“हे तसंच आहे. माझं काम आवाज ऐकाचं आहे. यंत्र चालू असते अन् मधातच एखादा फोन कटते. काहून कटते, थे शोधाचं. या मीटरवर पाहाचं, कागदावर लिहाचं, पुन्हा चालवाचं. मागच्या पंधरवड्यात एक बिघाड चार दिवस कोणालेच सापडत नव्हता. मले सापडला.”

शेठ त्या कपाटाजवळ गेले. हात मागे बांधून, मिलमध्ये नवी मशीन आली की मालक पाहतो तसे ते वरपासून खालपर्यंत पाहू लागले. दोन-तीन मिनिटे गेली. मग त्यांनी विचारले, “पन साऱ्या गावानं एकाच टायमाले फोन उचलला तं? आमच्या मिलमधी साऱ्या मोटरी एकदम चालू केल्या तं बत्तीच जाते.”

मुलगी त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिने तो प्रश्न इंग्रजीतून आपल्या वरिष्ठांना सांगितला. ते मोठ्याने हसले आणि शेठचा हात हातात घेऊन म्हणाले, “सेठजी, यही सवाल पर हमारा पूरा डिपार्टमेंट बैठा है। आपका बेटी भी।”

त्यानंतर तासभर शेठ मुलीला एकामागून एक प्रश्न विचारत राहिले, आणि मी आणि तिची आई एका बाकावर बसून ते पाहत राहिलो.

जबाब मी वसतिगृहाच्या कार्यालयात घेतला. ‘मी सज्ञान असून स्वखुशीने नोकरीसाठी आले. मला कोणी फूस लावली नाही. शिक्षकांनी केवळ मला गाडीत बसवून दिले.’ घर सोडण्याचे कारण विचारले तेव्हा ती दाराबाहेर बसलेल्या वडिलांकडे पाहून हळूच म्हणाली, “पहिला कागद फाडला, ते लिहू नका साहेब. लिहिणं गरजेचं आहे का?”

मी विचार केला. गुन्हा नव्हता, आरोपी नव्हता. “गरजेचे नाही,” मी म्हणालो आणि लिहिले, ‘घरी मतभेद असल्याने.’

निघताना आई बरणी देऊन मुलीचा हात सोडेना. शेठ फाटकापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, “दिवाळीत सुट्टी देतात काय?”

“चार दिवस देतात.”

“मी घ्याले येतो नागपूरले.”

तुमसरला परतल्यावर मी हरवल्याची नोंद निकाली काढली. पडताळणीच्या फॉर्मवर ‘चारित्र्याबद्दल प्रतिकूल काहीही नाही’ असे लिहून त्याच दिवशी रवाना केला. शेठने काय करावे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शाळा उघडल्यावर ते आपणहून गेले, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर त्यांनी मास्तरांची माफी मागितली आणि मंडळाच्या लोकांना बसवून ते लेखी पत्र मागे घ्यायला लावले. हे मला हवालदाराकडून कळले. पुढे मुलगी कायम झाली, दोन वर्षांत तिच्या हाताखाली माणसे आली, आणि तिचे एक पत्र आले की तिकडचा तांदळाचा भाव विचारायला म्हणून आता वडील दर आठवड्याला ट्रंक कॉल लावतात पण बोलतात मात्र तिच्या कामाविषयीच.

माझी माफी तेवढी बाकी होती. अधिकारी माणसाला ती मागायला फार दिवस लागतात. मला दीड वर्ष लागले. बदलीचा हुकूम हातात पडल्यावर मी एक दिवस शाळेत गेलो. मास्तरांचा नववीचा तास चालू होता. मी दारात उभा राहून त्यांना बाहेर बोलावले आणि जे म्हणायचे होते ते म्हणालो. शाळेला कळवण्याची घाई मी केली, ती चूक होती.

त्यांनी हातावरचा खडू झटकला. “मले त्या बाकाचं वाईट नव्हतं वाटलं साहेब. पन सव्वीस जूनले शाळा उघडली अन् मी घरी बसून घंटा ऐकली. ते लागलं.” मग त्यांनी वर्गाकडे हात केला. “आलाच आहात तं आत या. तुम्ही ती कंपनी पाहिली आहे. मी नाही पाहिली. पोराईले सांगा.”

मी गणवेशात पन्नास मुलांसमोर उभा राहिलो आणि मला जमेल तसे सांगितले. ती कपाटे, ते दिवे, ते बूट काढणे. मोज्याचे भोकही सांगितले, तेव्हा वर्ग हसला. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली.

“साहेब, तिथं पोरींना घेतात काय जी?”

“घेतात,” मी म्हणालो. “तुमच्याच शाळेतली एक आहे तिथे.”

ती बसली नाही. “अर्ज कसा कराचा?” तिने विचारले. मास्तर खडू घेऊन फळ्याकडे वळले.

पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथे रुजू होताच एक काम मी सर्वात आधी केले. टपालाचे कपाट उघडायला लावायचे आणि पडताळणीचे फॉर्म वेगळे काढायचे. आठ दिवसांवर एकही ठेवायचा नाही. सहकारी हसत. म्हणत, खून पडलेत आणि साहेब फॉर्म पाहतायत. त्यांना हसू दिले. खुनाचा तपास करताना पोलिसाला आपण महत्त्वाचे काम करतो आहोत हे माहीत असते. त्या गठ्ठ्याशी बसताना माहीत नसते. पण त्यातल्या प्रत्येक फोटोतले पोर कुठल्यातरी परक्या गावात आपल्या दोन ओळींची वाट पाहत असते, आणि त्या ओळी लिहायला आपल्याला फक्त पेन उचलायचे असते.